भिंतीपलीकडील देखरेख : लैंगिक गुन्हेगार आणि घोट्यावरील पट्टा

शिक्षा भोगून कारागृहाबाहेर पडणारा माणूस अखेर समाजातच परत येतो. चोरीच्या वा मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला इसम गावी परतला, तर लोक काही दिवस कुजबुजतात आणि पुढे विसरून जातात. बालकावर किंवा स्त्रीवर अत्याचार केलेल्या इसमाच्या बाबतीत असे विसरणे घडत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी धरीत नाही. शाळेच्या गल्लीत असा इसम राहावयास आला तर पालकांनी काय करावे, पोलिसांनी काय करावे, आणि न्यायालयाने दिलेली शिक्षा पूर्ण केलेल्या नागरिकावर शासनाने कोठवर नजर ठेवावी, हे प्रश्न जगातील अनेक शासनांपुढे उभे राहिले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने त्यांना गेल्या दोन दशकांत एक यांत्रिक उत्तर देऊन पाहिले. गुन्हेगाराच्या घोट्यावर एक पट्टा बसवावयाचा आणि उपग्रहाच्या साहाय्याने तो कोठे आहे हे अहोरात्र जाणून घ्यावयाचे, हे ते उत्तर होय. भारतातही कारागृह प्रशासनाच्या संदर्भात आता या साधनाचा उल्लेख होऊ लागला असल्याने तेथील अनुभव थोडा तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

मूळ कल्पना वेगळीच होती

या साधनाचा जन्म शिक्षा देण्याच्या हेतूने झालेला नाही. १९६० नंतरच्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील राल्फ श्विट्झगेबेल या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या जुळ्या भावाने बालगुन्हेगारांसाठी अंगावर बाळगण्याचे एक संदेशयंत्र तयार केले. क्षेपणास्त्रांचा माग काढण्यासाठी वापरली जाणारी, लष्कराने निकालात काढलेली सामग्री त्यासाठी उपयोगात आणण्यात आली होती. तरुण मुलगा कामावर किंवा शाळेत वेळेवर पोहोचला की त्याला शाबासकी मिळावी, बक्षीस मिळावे आणि त्यातून चांगली सवय जडावी, अशी त्यामागील दृष्टी होती. पुढे या बंधूंनी आपले आडनाव बदलून गेबल असे केले. आपल्या यंत्राचा उपयोग केवळ धाक दाखविण्यासाठी होत आहे, याबद्दल त्यांनी उत्तरायुष्यात वेळोवेळी खंत व्यक्त केली.

यंत्राला न्यायालयाची वाट सापडली ती १९८३ साली. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क येथील न्यायाधीश जॅक लव्ह यांनी वृत्तपत्रातील ‘स्पायडरमॅन’च्या चित्रकथेत खलनायक नायकाच्या मनगटावर माग काढणारे कडे चढवितो, असा प्रसंग पाहिला होता. त्यावरून त्यांनी एका संगणक विक्रेत्याकडून तसे यंत्र करवून घेतले आणि त्या वर्षी पहिल्या काही आरोपींना ते लावण्याचा आदेश दिला. न्यायदानातील एका महत्त्वाच्या साधनाचे मूळ मुलांच्या चित्रकथेत सापडावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. त्या काळातील यंत्र घरातील दूरध्वनीला जोडलेले असे आणि अपराधी घरी आहे की नाही, एवढेच ते सांगू शके. घराबाहेर पडल्यावर तो कोठे गेला, हे त्याला कळत नसे.

ही उणीव उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने, म्हणजे जीपीएस पद्धतीने, भरून काढली. नागरी वापरासाठीच्या संकेतांत अमेरिकेच्या लष्कराने मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर या पट्ट्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

पट्टा काम कसे करतो

पट्टा प्लास्टिकचा वा रबराचा असून त्यावर एक लहान पेटी असते. पेटी उपग्रहांचे संकेत घेते, आपले स्थान ठरविते आणि ते मोबाईलच्या जाळ्यातून नियंत्रण कक्षाकडे पाठविते. पट्ट्याच्या आतून एक तार किंवा प्रकाशतंतू नेलेला असतो. पट्टा कापल्यास तो तुटतो आणि लगेच इशारा जातो. नकाशावर दोन प्रकारची क्षेत्रे आखता येतात. एक, जेथे अपराध्याने ठरावीक वेळी असलेच पाहिजे, उदाहरणार्थ रात्री घरी. दुसरे, जेथे त्याने पाऊल ठेवता कामा नये, उदाहरणार्थ शाळा, क्रीडांगण किंवा पीडित व्यक्तीचे घर. स्थानाची माहिती दर काही मिनिटांनी पाठविणारी पद्धत ‘सक्रिय’ समजली जाते. दिवसभराची माहिती साठवून एकदाच पाठविणारी ‘निष्क्रिय’. दुसरी स्वस्त पडते. मात्र तीत घडलेली गोष्ट घडून गेल्यानंतरच कळते.

या यंत्रालाही विजेची गरज लागते. पट्टा दररोज ठरावीक वेळ भारित करावा लागतो आणि त्या वेळी मनुष्य विजेच्या खटक्याजवळ बसून असतो. ज्याला घर नाही त्याने पट्टा भारित कोठे करावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. कॅलिफोर्नियात तो मुळीच क्षुल्लक ठरला नाही.

लोकमताने झालेला कायदा

२००५ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडा राज्यात ९ वर्षांच्या एका बालिकेचे अपहरण होऊन तिचा खून झाला. मारेकरी पूर्वी शिक्षा झालेला लैंगिक गुन्हेगार होता आणि जवळच राहत होता. संतापाची लाट उसळली. फ्लोरिडा विधिमंडळाने त्याच वर्षी त्या बालिकेच्या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत केला आणि लहान बालकांवर अत्याचार करणाऱ्यांवर कारावासानंतर आजीवन इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याची तरतूद केली. कॅलिफोर्नियाने पुढचे पाऊल थेट मतदारांच्या हाती सोपविले. ७ नोव्हेंबर २००६ रोजी तेथे ८३ व्या क्रमांकाचा प्रस्ताव जनतेपुढे आला आणि सुमारे ७० टक्के मतदारांनी त्याला कौल दिला. गंभीर लैंगिक गुन्ह्यात शिक्षा होऊन सुटलेल्यांना आजन्म जीपीएस पट्टा आणि शाळा वा उद्यानापासून २,००० फुटांच्या आत राहण्यास बंदी, या त्यातील दोन प्रमुख बाबी होत.

कायद्याच्या मसुद्यात एक मोठी फट राहून गेली होती. पॅरोलच्या मुदतीत देखरेखीचे काम राज्याच्या पॅरोल विभागाकडे होते. परंतु ती मुदत संपल्यावर, म्हणजे उरलेल्या सबंध आयुष्यात, पट्ट्याकडे कोणी लक्ष द्यावयाचे हे कायद्याने सांगितलेच नव्हते. स्थानिक पोलिसांकडे ना माणसे होती, ना पैसा. परिणामी ‘आजन्म’ हा शब्द बव्हंशी कागदावरच राहिला. जनतेच्या मनातील भीतीला कायदा शब्द देतो. कार्यालय, पद आणि वेतन यांची तरतूद मात्र वेगळी करावी लागते.

वास्तव्यावरील बंदीचा परिणाम तर उलटाच झाला. दाट वस्तीच्या शहरांत शाळा किंवा बाग २,००० फुटांच्या आत नाही, अशी जागा मिळणे दुरापास्त होते. कुटुंबाबरोबर राहू शकणारे कित्येक जण घराबाहेर पडले आणि मोटारीत, पुलाखाली, पदपथावर राहू लागले. पॅरोलवरील बेघर लैंगिक गुन्हेगारांची संख्या काही वर्षांतच अनेक पटींनी वाढली. या मंडळींच्या पायांत पट्टे होते आणि नकाशावर त्यांचे ठिपकेही दिसत होते. तथापि ठरावीक पत्ता, काम आणि आप्तांचा धाक, ही जी माणसाला आवरून धरणारी बंधने, तीच सैल झाली. मार्च २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन डिएगो परगण्यात ही बंदी सर्वांना सरसकट लागू करणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. प्रत्येक व्यक्तीची परिस्थिती पाहून अट घालण्याचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला.

उपयोग होतो काय?

होतो, असे एका महत्त्वाच्या पाहणीचे उत्तर आहे. अमेरिकेच्या न्यायविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साहाय्याने झालेल्या या पाहणीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील अधिक धोक्याच्या समजल्या जाणाऱ्या ५१६ पॅरोलधारकांची दोन सारख्या गटांत तुलना करण्यात आली. एका गटाला पट्टा होता, दुसऱ्याला नव्हता. वर्षभराच्या काळात पट्टा नसलेल्या गटात लैंगिक स्वरूपाच्या अटींचा भंग जवळजवळ तिपटीने अधिक झाला आणि अटकेचे प्रमाणही दुपटीहून अधिक आढळले. खर्च पाहता, पट्ट्यासह देखरेखीला दरडोई दररोज ३५.९६ डॉलर लागले, नेहमीच्या देखरेखीला २७.४५ डॉलर.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पट्टा असलेल्या गटावर केवळ यंत्राची नजर नव्हती. त्यांच्या अधिकाऱ्यांकडे कमी माणसे सोपविलेली होती, भेटी अधिक होत्या. तेव्हा यश पट्ट्याचे किती आणि त्या अधिकाऱ्याच्या जोडे झिजविण्याचे किती, हे वेगळे काढता येत नाही. दुसऱ्या अंगाचे पुरावे पाहिले तर यशाचा वाटा अधिकाऱ्याकडे अधिक झुकतो, असे मानण्यास जागा आहे.

अँटिऑक गावचे प्रकरण हा त्यांतील सर्वांत वेदनादायक पुरावा. जून १९९१ मध्ये लेक टाहो परिसरातून एका ११ वर्षांच्या मुलीला पळविण्यात आले. पळविणारा इसम अपहरण व बलात्काराच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेला आणि पॅरोलवर असलेला होता. त्याने तिला आपल्या घराच्या परसात १८ वर्षे डांबून ठेवले. १९९९ पासून त्याच्या देखरेखीची जबाबदारी कॅलिफोर्निया राज्याकडे होती आणि अखेरच्या काळात त्याच्या पायात जीपीएस पट्टाही होता. अधिकारी घरी येऊन जात. परसामागे काय आहे ते पाहिले गेले नाही. ऑगस्ट २००९ मध्ये उलगडा झाला तो पट्ट्यामुळे नव्हे. बर्कली येथील विद्यापीठाच्या आवारातील दोन महिला पोलीस कर्मचाऱ्यांना त्याच्याबरोबर आलेल्या मुलींचे वागणे खटकले, त्यांनी त्याची पूर्वपीठिका तपासली आणि पॅरोल अधिकाऱ्याला दूरध्वनी केला. राज्याच्या महानिरीक्षकांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दिलेल्या अहवालात पॅरोल विभागावर कठोर ठपका ठेवला. पट्ट्याचा संकेत तासन् तास नाहीसा होत असे, तो ठरलेल्या हद्दीबाहेर जात असे, यंत्र तशी नोंद करीत असे आणि त्या नोंदींची दखल कोणी घेत नसे. पुढील वर्षी राज्याने पीडितेस व तिच्या मुलींना २ कोटी डॉलरची भरपाई दिली.

याच राज्याच्या ऑरेंज परगण्यात २०१३ व २०१४ मध्ये याहून वेगळा प्रकार घडला. नोंद असलेल्या दोन लैंगिक गुन्हेगारांनी मिळून महिलांचे खून केले, आणि त्या काळात दोघांच्याही पायांत पट्टे होते. त्यांच्या हालचालींची नोंद पुढे न्यायालयात निर्णायक पुरावा ठरली. गुन्हा सिद्ध करण्यास पट्टा उपयोगी पडला. रोखण्यास पडला नाही. ठिपका अमुक रस्त्यावर अमुक वाजता होता, हे यंत्राला ठाऊक असते. त्या ठिकाणी काय चालले आहे, हे त्याला ठाऊक नसते. कॅलिफोर्नियाने २०१० साली केलेल्या दुसऱ्या एका कायद्याने देखरेखीबरोबर मानसोपचार आणि सत्यशोधन चाचणी बंधनकारक केली, त्यामागे हीच जाणीव होती. त्या पद्धतीत अधिकारी, उपचारक आणि पीडितांच्या बाजूने बोलणारा प्रतिनिधी एकमेकांना माहिती देत काम करतात.

दक्षिण कोरियाचा अनुभव

दक्षिण कोरियात हे काम एखाद्या राज्याने नव्हे, तर केंद्रीय विधी मंत्रालयाने अंगावर घेतले. सप्टेंबर २००८ पासून तेथे लैंगिक गुन्हेगारांना पट्टा लावण्यास सुरुवात झाली. एका बालिकेवरील अत्याचाराच्या प्रकरणाने देश हादरल्यानंतर २०१० मध्ये पट्ट्याची कमाल मुदत ३० वर्षांपर्यंत वाढविण्यात आली आणि कायदा होण्यापूर्वी शिक्षा झालेल्यांनाही तो लागू झाला. घटना न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये हा पूर्वलक्षी वापर वैध ठरविला. पुढे अपहरण, खून व दरोडा हे गुन्हेही त्यात आले. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये सोल येथे एका इसमाने घरात एका स्त्रीचा खून करून पट्टा कापला आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होण्यापूर्वी आणखी एका स्त्रीचा जीव घेतला. पट्टा कापल्याचा इशारा गेला होता. कर्मचारी त्याच्या घरापर्यंत गेलेही, पण दार उघडून आत न जाता परतले. यंत्राने आपले काम केले होते. त्यानंतरची सारी चर्चा मनुष्यबळ आणि घरात प्रवेश करण्याचे अधिकार याभोवती झाली.

धोका कोठून येतो

येथे शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब आहे. नकाशावर शाळेभोवती वर्तुळ आखण्यामागे एक गृहीत असते. अनोळखी माणूस झुडपाआडून येतो, असे ते गृहीत होय. आकडे निराळे बोलतात. अमेरिकेच्या न्याय विभागाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार अल्पवयीन पीडितांच्या प्रकरणांपैकी सुमारे ९३ टक्के प्रकरणांत अत्याचार करणारा घरातील किंवा ओळखीचा होता. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील वार्षिक अहवालांत बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा आढळतो. नातलग, शेजारी, घरी येणारा-जाणारा, विश्वासातील माणूस. अशांपैकी बहुतेकांची पूर्वी कोठेही नोंद नसते. म्हणून त्यांच्या पायात पट्टा असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय सुटलेला प्रत्येक जण पुन्हा तोच गुन्हा करतो, ही समजूतही बरोबर नाही. २००५ साली अमेरिकेतील ३० राज्यांच्या कारागृहांतून सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांपैकी ७.७ टक्के जण पुढील ९ वर्षांत पुन्हा तशाच गुन्ह्यासाठी पकडले गेले. हे प्रमाण नगण्य म्हणता येणार नाही. अनेक प्रकरणे पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, हेही खरे. परंतु सर्वांना सरसकट पट्टा लावल्यास खरोखर धोक्याचे जे थोडे असतात ते गर्दीत हरवतात आणि नियंत्रण कक्षात इशाऱ्यांचा पाऊस पडतो. दुबळ्या संकेताचे आणि संपत आलेल्या बॅटरीचे शंभर इशारे पाहिलेल्या कर्मचाऱ्याचे डोळे एकशे एकाव्या इशाऱ्याला थकलेले असतात.

न्यायालयांची भूमिका

२०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर कॅरोलिनातील एका प्रकरणात, व्यक्तीच्या संमतीवाचून तिच्या शरीराला माग काढणारे यंत्र जोडणे ही घटनेच्या अर्थाने ‘झडती’ आहे, असा निर्णय दिला. झडती वाजवी आहे की नाही, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. त्यानंतर २०१९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ पुन्हा गुन्हा केला म्हणून आजन्म देखरेख ठेवणे अमान्य केले आणि २०२१ मध्ये तेथील विधिमंडळाने मुदत कमाल १० वर्षांवर आणली.

भारतापुढील प्रश्न

आपल्याकडील कायद्याची चौकट मुळातच निराळी आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मुक्तता देता येते. परंतु मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र असलेल्या गुन्ह्यांना ती तरतूद लागू नाही. साहजिकच बलात्काराची आणि बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ खालील गंभीर प्रकरणे तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिक्षा पूर्ण झाल्यावर कायदेशीर देखरेखीची सर्वसाधारण व्यवस्था आपल्याकडे नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय माहिती कोशात प्रारंभीच ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या. तो केवळ तपास यंत्रणांसाठी आहे, जनतेसाठी खुला नाही. अमेरिकेत अशी यादी सर्वांना पाहता येते आणि तीवरून शेजाऱ्यांनी कायदा हाती घेतल्याचे प्रकार घडले आहेत, हे पाहता हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला दिसतो.

तेव्हा पट्ट्याला जागा उरते ती मुख्यतः जामीन आणि कारागृहातून मिळणारी रजा या दोन ठिकाणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी दहशतवादाशी संबंधित प्रकरणात जामिनावर सुटलेल्या आरोपीला जीपीएस पट्टा लावला; देशातील हा पहिला वापर होता. परंतु ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या पीठाने, आरोपीने मोबाईलच्या नकाशावरून आपले स्थान तपास अधिकाऱ्यास सतत कळवावे ही जामिनाची अट घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरविली. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ काम केलेल्या न्यायमूर्ती ओक यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात, जामिनावरील आरोपीच्या खासगी जीवनात पोलिसांना सदोदित डोकावू देणारी अट घालता येणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. अर्थात तो आरोपी होता, दोष सिद्ध झालेला बंदी नव्हे. हा भेद पुढील काळात महत्त्वाचा ठरेल.

दोष सिद्ध झालेल्या बंद्यांबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२३ मध्ये राज्यांकडे पाठविलेल्या आदर्श कारागृह व सुधार सेवा अधिनियमात तरतूद सुचविली आहे. बंद्याची पट्टा घालण्याची तयारी असल्यास त्या अटीवर त्याला रजा देता येईल आणि अटीचा भंग झाल्यास रजा रद्द होईल, असे तीत म्हटले आहे. महाराष्ट्रात संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांचा कारभार १९५९ च्या नियमांनी व त्यांतील नंतरच्या दुरुस्त्यांनी चालत आला. रजेवरील बंद्यास नेमलेल्या पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागते. तो गावात आहे की नाही, हे पोलीस पाटलाला आणि शेजाऱ्यांना कोणत्याही उपग्रहाआधी कळते. दुसरीकडे, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीपासून, म्हणजे १९३९ पासून, या प्रदेशात भिंतीवाचून बंदी ठेवण्याची परंपरा आहे. पण ती ज्यांच्यावर विश्वास टाकता येतो अशा बंद्यांसाठी आहे आणि पट्टा हा जेथे विश्वास पुरेसा नाही तेथला उपाय आहे. एकाची तुलना दुसऱ्याशी करणे योग्य होणार नाही.

आदर्श अधिनियमाने तपशील राज्यांच्या नियमांवर सोपविला आहे. पट्ट्याचा खर्च बंद्याने सोसावयाचा की शासनाने, वीजपुरवठा दिवसातून कित्येक तास खंडित असलेल्या वाडीत तो भारित कसा व्हावयाचा, मोबाईलचा संकेत न पोहोचणाऱ्या डोंगराळ गावात संपर्क तुटणे हा भंग समजावयाचा की नाही, आणि पीडितेच्या घराभोवती क्षेत्र आखल्यास ते घर कोठे आहे हे बंद्याला पुन्हा नव्याने सांगितले जाणार नाही याची खबरदारी कशी घ्यावयाची, हे सारे त्या नियमांत लिहावे लागेल. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे, पोलीस व कारागृहे गृह विभागाकडे आहेत. रात्री दोन वाजता एखादा इशारा आला, तर यांपैकी कोणत्या कार्यालयातील दूरध्वनी वाजावयाचा आणि तो उचलणाऱ्याला बंद्याच्या घरात प्रवेश करण्याचा अधिकार असावा की नसावा, हेही तेथेच ठरावे लागेल.